कठड्याचा शेरा

"थांबा!"

नव्या मॅडमचं पेन कागदापासून बोटभर वर तसंच राहिलं. टेबलापलीकडे थांबासाहेब उभे होते, हातात चार पानी पत्र घेऊन.

"आता काय?" मॅडमनी विचारलं.

"हे वाचल्याशिवाय सही करू नका. चार वाजता बैठक आहे म्हणून सकाळीच आणलंय."

थांबासाहेबांना आईवडिलांनी एक चांगलं नाव ठेवलं होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. गावातल्या कुणालाही आपल्या छपरावर सौर पॅनेल लावायचं असेल, तर नगरपालिकेची परवानगी लागे. तिला सात सह्या लागत आणि सातवी सही थांबासाहेबांची. सहा सह्या महिन्याभरात होत. सातवीसाठी मात्र फाइल त्यांच्या लोखंडी कपाटात जाऊन बसे आणि तिथे तिला म्हातारपण येई. कुणीही विचारायला आलं की साहेब चष्म्यावरून बघत आणि एकच शब्द म्हणत. त्या शब्दाचंच पुढे नाव झालं.

पण माणूस वाईट नव्हता हो! एका पैशाला कधी शिवला नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की प्रत्येक छप्पर मी स्वतः चढून बघणार. आणि चढणार कसं? उजवा गुडघा वाकत नव्हता. वीस वर्षांपूर्वी हेच साहेब विजेच्या खांबावर चढणारे लाइनमन होते. एकदा बंद केलेल्या लाइनवर काम करत असताना कुणीतरी घरातलं जनरेटर चालू केलं, वीज उलटी तारेत आली आणि साहेब खांबावरून खाली आले. हाडं जुळली, गुडघा तेवढा जुळला नाही. मग मिळालं हे टेबल. आठवड्याला दोन छपरं, फार फार तर तीन. कपाटात फायली सत्तेचाळीस.

नव्या मॅडम तीन महिन्यांपूर्वी या खात्याच्या प्रमुख म्हणून आल्या, वयाने साहेबांच्या लेकीएवढ्या. त्यांनी आल्या आल्या सात सह्यांची एक सही केली. पॅनेल बसवणाऱ्याने फोटो पाठवायचे, मॅडमनी ते बघायचे, तीन दिवसांत परवानगी. सध्या फक्त नव्या अर्जांना. आज चार वाजता तो नियम सगळ्यांना लागू होणार होता, कपाटातल्या सत्तेचाळीस फायलींनाही.

"तीन दिवसांत वीज तपासता येत नाही, मॅडम. तीन दिवसांत ब्लाउजसुद्धा शिवून मिळत नाही."

"आणि पाच महिन्यांत?" मॅडम म्हणाल्या. "पाच महिन्यांत काय होतं, ते सांगा की!"

साहेब उत्तर देणार, तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. लेक होती.

लेक म्हणजे एक नंबरची वल्ली. बाप नको नको म्हणत असताना हट्टाने लाइनच्याच कामाला लागली होती. खांबावर चढणारी गावातली पहिली मुलगी. आणि जीभ अशी, की बापाला दिवसातून तीनदा सोलून काढल्याशिवाय तिला घास जात नसे. पण आज तिच्या आवाजात थट्टेचा टिपूसही नव्हता.

"बाबा, ऑफिसात आहात?"

"हो. काय झालं?"

"रात्रीच्या वादळात दवाखान्याच्या गल्लीतली तार तुटलीय. आम्ही ट्रान्सफॉर्मर बंद केला, त्याची किल्ली माझ्या खिशात आहे. तरी तारेला टेस्टर लावला की दिवा लागतोय."

साहेब खुर्चीवर बसले. बसले कसले, खुर्चीनेच त्यांना झेललं.

"लागतोय?"

"लागतो आणि विझतो. पहिल्यांदा लावला तेव्हा काहीच नव्हतं. मुकादम म्हणाले, मेलीय लाइन, चढ. मी म्हटलं, दोन मिनिटं थांबू. दोन मिनिटांनी पेटला, बाबा."

"पाय खांबाला लावायचा नाही. ऐकलंस? कुणी काहीही म्हणू दे."

"नाही लावलेला. पण ऐका ना. प्रसूतिगृहात काचपेटीत दोन बाळं आहेत. जनरेटरचं डिझेल एक वाजेपर्यंतच पुरेल आणि मोठ्या रस्त्यावर झाड आडवं पडलंय, डिझेलची गाडी पलीकडे अडकलीय. कुणाचं तरी पॅनेल उलटी वीज सोडतंय. गल्लीत चाळीस घरं आहेत. एकेक घराची तार सोडवत बसलो तर तिन्हीसांजा होतील. कुणाचं असेल, सांगा."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

मॅडमनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी संगणकावर गल्ली शोधलीसुद्धा. "माझ्या नव्या पद्धतीने परवानगी दिलेली तीन घरं आहेत तिथे."

"आहेत ना!" साहेब ओरडलेच. "फोटोवर दिलेली! सांगत होतो मी, घसा फोडून सांगत होतो..."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. पण त्या वाद घालत बसल्या नाहीत. स्कूटरची किल्ली उचलून म्हणाल्या, "मागे बसता येईल?"

साहेब कसेबसे बसले, उजवा पाय काठीसारखा बाहेर काढून. मोठा रस्ता टाळून त्या बोळाबोळातून निघाल्या. चार पानी पत्र खिशात घडी करून ठेवलं होतं. त्यातला शब्द न् शब्द आता खरा ठरणार, असं साहेबांना वाटत होतं. आणि तो खरा ठरू नये म्हणून ते मनात धावाही करत होते, कारण खांबाखाली पोटची पोर उभी होती.

पहिलं घर बँकेतून निवृत्त झालेल्या आजोबांचं. साहेबांनी सरळ मीटरची पेटी उघडली. आत चेंजओव्हर होता. चेंजओव्हर म्हणजे एक जाडजूड खटका. तो घरात एका वेळी एकाच बाजूची वीज येऊ देतो. एक तर रस्त्यावरची, नाहीतर छपरावरची. तो असला की छपरावरची वीज चुकूनही रस्त्यावर जात नाही. आजोबांचा खटका नवाकोरा होता, वर चिठ्ठी चिकटवलेली, अक्षर मोत्यासारखं.

"काही चुकलं का हो आमचं?" आजोबांनी विचारलं.

"नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांना ते म्हणताना जडच गेलं.

दुसरं घर दोन बहिणींचं. तिथेही खटका, तिथेही चिठ्ठी. धाकटी बहीण म्हणाली, "तीन दिवसांत झालं बाई सगळं, आम्हाला तर खोटंच वाटलं!" मॅडमनी साहेबांकडे पाहिलं नाही. ते त्यांचं मोठेपण.

तिसऱ्या घराला कुलूप. साहेब फाटकावरून वाकले, पडता पडता वाचले. पेटी बाहेरच्याच भिंतीवर होती आणि खटका बंद बाजूला पाडलेला होता. माणसं गावाला जाताना नीट बंद करून गेली होती.

बारा वाजून दहा मिनिटं. गल्लीच्या टोकाला दवाखान्याचं जनरेटर धडधडत होतं.

"तिन्ही ठीक आहेत," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "आता?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. कपाळावरचा घाम चष्म्यात उतरला होता.

"तुमच्या कपाटात या गल्लीतल्या किती फायली आहेत?"

"एक."

"मग तिथे बघायचं का?"

"तिथे कशाला? तिला अजून परवानगीच नाहीये."

"म्हणून?"

"म्हणून म्हणजे? परवानगी नाही, म्हणजे बंदच आहे ते."

सूर्य पूर्वेला उगवतो, हे सांगावं तितक्या सरळपणे ते बोलले. वीस वर्षं कागदाशी संसार केलेल्या माणसालाच अशी चूक जमते. कागदावर जे चालू नाही, ते जगात चालू नाही! मॅडम नुसत्या बघत राहिल्या. आणि त्या शांततेत साहेबांना एक आवाज ऐकू आला.

घर्रर्र.

वीज गेलेल्या गल्लीत पंखे मुके होते, मिक्सर मुके होते, टीव्ही मुके होते. आणि कुठल्यातरी खिडकीतून शिवणयंत्राची मोटर चालत होती. घर्रर्र, घर्रर्र... मग एकदम बंद.

फोन वाजला. "बाबा, आत्ता परत पेटला होता! आता विझला."

"फोन ठेवू नकोस," साहेब म्हणाले. ते जागचे हलले नाहीत. मिनिट गेलं. दीड मिनिट गेलं.

घर्रर्र.

"पेटला!" फोनमधून लेक ओरडली.

साहेब निघाले. धावले असं म्हणता येणार नाही, पण त्या गुडघ्याला जे जमत होतं त्याच्या दुप्पट त्यांनी केलं. आवाज जवळ आला आणि त्यांना घर दिसलं. त्यांना ते लगेच ओळखू आलं. पिवळं दार. बाजूने सरळ वर छपरावर गेलेला अरुंद जिना, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

दार उघडंच होतं. आत गणवेशांचा ढीग, ढिगापलीकडे टेलरबाई. यंत्र नुकतंच पुन्हा बंद पडलं होतं. "सारखं बंद पडतंय मेलं," असं स्वतःशीच पुटपुटत बाई भिंतीवरच्या बॅटरीच्या पेटीकडे वळल्या आणि बटणाकडे हात नेला.

"थांबा!"

हा शब्द साहेबांनी आयुष्यात लाखभर वेळा उच्चारला असेल, पण असा नाही. बाईंच्या हातातली कात्री खाली पडली.

बॅटरीच्या पेटीतून एक वायर निघाली होती आणि ती सरळ भिंतीतल्या सॉकेटात खुपसली होती. चेंजओव्हर नाही, काही नाही. शेजारी घराचा मेन स्विच. तो चालू होता, म्हणजे पेटीतली वीज सॉकेटातून रस्त्यावरच्या तारेत जात होती आणि गल्लीभरचा भार आला की पेटी बंद पडत होती. साहेबांनी आधी मेन खाली ओढला, मग वायर उपसली.

"अहो, हे काय करता?" बाई कळवळल्या. "सोमवारी साठ गणवेश द्यायचेत मला!"

"वीज गेली की मेन बंद करता ना तुम्ही? नेहमी?"

"करते ना. दीर जोडून गेले तेव्हाच बजावून गेलेत, वहिनी, आधी मेन पाडायचा, मगच वायर लावायची." बाईंनी भिंतीकडे पाहिलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. "आज घाईत... अगंबाई! काही झालं का? कुणाला काही झालं का हो?"

"नाही झालं," मॅडम म्हणाल्या. "थोडक्यात."

साहेबांनी फोन कानाला लावला. "सापडलं. काढलंय. आता लगेच चढू नकोस, टेस्टर लावून बघत राहा."

मग ते बाईंवर उसळलेच. "परवानगी नसताना चालू केलंत कसं तुम्ही? कायदा आहे की नाही काही?"

टेलरबाई घाबरल्या होत्या, पण आता त्याही उसळल्या. "परवानगी? भाऊ, चार हेलपाटे घातले मी तुमच्या ऑफिसात. तुम्हीच होता त्या खुर्चीवर, ओळखलं नाहीत मला? दर वेळी तोच एक शब्द. पाच महिने पॅनेल छपरावर ऊन खात पडलं आणि मी खाली पायाने यंत्र मारत होते. शेवटी दिरांना म्हटलं, जोडा बाई कसंही, आता नाही थांबवत."

मॅडमनी ऑफिसातून त्या फाइलचा फोटो फोनवर मागवला होता. त्या मोठ्याने वाचू लागल्या. "शेरा. जिन्याला कठडा नसल्याने छपराची तपासणी करता आली नाही. अर्जदाराने कठडा बसवून पुन्हा कळवावे."

"कुठून बसवू कठडा?" बाई म्हणाल्या. "जिन्याची ती कड शेजाऱ्यांच्या हद्दीत जाते. ते खिळा ठोकू देत नाहीत."

मॅडमनी वर पाहिलं. "साहेब, कठड्याचा नियम आपल्याकडे कुठे आहे?"

साहेब उपसलेली वायर गुंडाळू लागले.

"मी सगळे नियम वाचलेत. कुठेच नाही."

"नाहीये," साहेब म्हणाले.

"मग हा शेरा?"

दाराबाहेर जिना दिसत होता. पाच महिन्यांपूर्वी ते या जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत गेले होते. बाई आत इस्त्री करत होत्या, बघायला कुणी नव्हतं. चौथ्या पायरीवर त्यांनी उघड्या बाजूला खाली पाहिलं आणि त्यांना पुन्हा खांबावरून सुटल्यासारखं वाटलं. भिंतीला धरून ते उलटे उतरले, घाम पुसला, आणि ऑफिसात येऊन सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला. लिहिता लिहिता तो त्यांना स्वतःलाही पटला होता. सुरक्षा म्हणजे सुरक्षा! त्यानंतर बाई चारदा आल्या, तेव्हा त्यांनी मान वर करून पाहिलंच नव्हतं.

"मला चढवेना," साहेब म्हणाले. "भीती वाटली. म्हणून लिहिलं."

फोन अजून चालूच होता, हे साहेबांच्या लक्षात नव्हतं. पलीकडे लेकीने सगळं ऐकलं.

तेवढ्यात मुकादम धाडकन आत आला. आडदांड माणूस, घामाने निथळत होता. "हीच का ती? माझं माणूस मेलं असतं आज! मॅडम, लिहा केस हिच्या नावावर. सामान जप्त करा."

टेलरबाई गणवेशांच्या ढिगाला धरून उभ्या होत्या.

"कागद द्या इकडे," साहेब म्हणाले. मुकादमाच्या हातातला अपघाताचा छापील कागद त्यांनी घेतला, यंत्राच्या पाटावर ठेवला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: *अर्ज पाच महिने नियम नसताना अडवून ठेवला. त्यामुळे घरच्यांनी स्वतःच जोडणी केली.* खाली सही केली. त्या सहीसाठी गावातली सत्तेचाळीस घरं खोळंबली होती, आणि ती झाली ती ही अशी.

मुकादमाने वाचलं, साहेबांकडे पाहिलं, आणि त्याचा आवाज खाली आला. "नोकरीवर बेतेल, साहेब."

"बेतू दे. लाइन कधी जोडताय?"

"जोडतो. पण वरची पॅनेलची पेटी बंद झाली पाहिजे आणि माझं माणूस खांबावर असेतो तिथे कुणीतरी पहाऱ्याला हवं. पुन्हा कुणी बटण दाबलं तर मी काय करू? माझी दोघं खांबाखाली लागतील, मी ट्रान्सफॉर्मरपाशी."

"मी जाते वर," मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही नाही," साहेब म्हणाले. "फाइल माझी आहे."

जाता जाता त्यांनी खिशातलं पत्र काढून मॅडमच्या हातात दिलं. "पहिली तीन पानं फाडा. चौथ्यावर चेंजओव्हरचं लिहिलंय, की तो कुणीतरी स्वतः जाऊन डोळ्यांनी बघावा. तेवढं नियमात घ्या. ते बघायला जिना चढावा लागत नाही."

बारा चाळीस.

पहिल्या तीन पायऱ्या ते उभ्याने चढले. चौथीवर थांबले. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, भिंतीकडे तोंड केलं आणि हात पायरीवर टेकले. डावा गुडघा, दोन्ही हात, मागून ओढत आणलेला उजवा पाय. रांगतं पोर चढतं तसे साहेब चढू लागले. गल्लीतली माणसं एव्हाना बाहेर आली होती. एकजण फिसकन हसला, त्याला कुणीतरी दटावलं. निवृत्त आजोबा आपल्या ओट्यावर उभे राहून बघत होते.

"भाऊ, भिंतीला धरा," खालून टेलरबाई सांगत होत्या. "सावकाश. दोनच राहिल्या. नववी पायरी हलते, तेवढी सोडा... हां. अस्सं."

वर आल्यावर साहेब क्षणभर तसेच पालथे पडून राहिले. शर्टाची पुढची बाजू धुळीने माखली होती. मग पाण्याच्या टाकीला धरून उठले, चष्मा लावला आणि पॅनेलखालची पेटी शोधली. दांडा खाली ओढला, आणि त्यावरचा हात काढला नाही.

"बंद," ते फोनमध्ये म्हणाले. "हात दांड्यावर आहे."

"कुठे आहात तुम्ही?" लेकीने विचारलं.

"वर. छपरावर."

पलीकडे साखळी खणखणली.

"मी पाच मिनिटं झाली टेस्टर धरून उभी आहे," ती म्हणाली. "काही नाही. आता तारांना जमिनीचा साखळदंड लावतोय, वीज आलीच तर जमिनीत जाईल. मग चढते."

"चढ."

"बाबा, हात काढू नका हं."

"नाही काढत."

फोन बंद झाला. गल्लीच्या टोकाला जनरेटर अजून धडधडत होतं. साहेबांनी खांबाकडे पाहिलं. लेक कामाला लागल्याला दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत त्यांनी तिला एकदाही वर चढताना पाहिलं नव्हतं. रस्त्यात तिची गाडी दिसली की ते दुसऱ्या गल्लीने जात.

आधी पिवळं शिरस्त्राण दिसलं. मग खांदे. मग कमरेचा पट्टा खांबाभोवती टाकून, एक एक आडवी पट्टी पार करत ती पूर्ण वर आली, अगदी त्यांच्या समोर, एका रस्त्याच्या अंतरावर, त्यांच्याच उंचीवर. तिने तुटलेली तार चिमट्यात पकडली. पकडताना मान वळवून छपराकडे पाहिलं.

साहेबांनी हात केला नाही. तिनेही केला नाही. दोघांचे हात कामात होते.